गोंड राजांचा वारसा आणि निस्ताराचा हक्क

नागझिऱ्याला जाणारा मनुष्य वाघ पाहावयास जातो. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' वाचून जाणारा थोडा अधिक थांबतो, झाडे पाहतो, पाणवठ्यावर बसून राहतो. परंतु या जंगलात शिरताना ज्या गावांवरून जावे लागते त्यांच्या नावांकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. पिटेझरी, मंगेझरी, थाडेझरी आणि खुद्द नागझिरा. साऱ्या नावांत पाणी आहे. कोठे झरा आहे, कोठे पाणी उन्हाळाभर टिकते, कोठे वस्ती करता येईल, याचा हा शेकडो वर्षांचा हिशेब आहे आणि तो येथे राहणाऱ्या माणसांनी लिहून ठेवला आहे. १९७० साली येथे अभयारण्य झाले. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्यापूर्वीचा इतिहास पर्यटकांच्या माहितीपत्रकात एका ओळीत आटोपतो : येथे पूर्वी गोंड राजांचे राज्य होते.

ही ओळ खरी आहे आणि म्हणूनच ती इतकी सहज सोडून देता येत नाही. गढा-मंडला, देवगड आणि चांदा या गोंड राजसत्तांनी वैनगंगेच्या खोऱ्यावर कधी एकीने, कधी दुसरीने, काही शतके अंमल चालविला. नागपूर शहर १७०२ साली देवगडच्या बख्तबुलंद शहाने वसविले. चांद्याचा परकोट आजही शहराला वेढून उभा आहे, आणि चंद्रपूरच्या नागरिकांनी श्रमदान करून त्याच्यावरची झुडपे काढली, ही अलीकडच्या काळातील एक चांगली गोष्ट होय. मात्र गोंदिया जिल्ह्यात असा डोळ्यांत भरणारा वाडा-कोट शोधू लागाल तर हाती थोडेच लागेल. प्रतापगडच्या डोंगरावर काही अवशेष आहेत, महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते, एवढेच. मग राजवट गेली ती काहीच न ठेवता गेली काय?

ती तलाव ठेवून गेली. पूर्व विदर्भाच्या नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत आज ज्यांना सरकारी दप्तरात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, ते सुमारे सात हजार आहेत. या नावातच एक लबाडी आहे. मालगुजारी ही इंग्रजी अमलातील व्यवस्था; यांतील कितीतरी तलाव तिच्याहून जुने आहेत. ज्याने अखेरची मालकी सांगितली त्याचे नाव तलावाला चिकटले, ज्यांनी बांधविले आणि ज्यांनी बांधले त्यांचे नाव गेले. दप्तराची भाषा निष्पाप नसते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

चांद्याच्या हिरशहाविषयी परंपरा अशी सांगते की, जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला गावाची सनद मिळे, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन इनाम मिळे. मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात गोंड राजवटीच्या सुव्यवस्थेची आणि बांधकामांची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे. जित्यांची स्तुती करण्याची जेत्यांच्या नोकरांना सवय नसते. त्यामुळे ही साक्ष मोलाची मानली पाहिजे. इनामाच्या या व्यवस्थेतील आर्थिक शहाणपण पाहण्यासारखे आहे. राजाच्या खजिन्यात रोकड नव्हती, जंगल मात्र अमाप होते. त्याने पैसा न देता भविष्यातील पिकाचा वाटा दिला. पाणी जितके दूर पोहोचेल तितके इनाम मोठे. म्हणजे पाळ मजबूत बांधण्यात आणि पाट लांबवर नेण्यात बांधणाऱ्याचेच हित. आजच्या ठेकेदारीत पाळ फुटली तरी बिल निघते. तेव्हा पाळ फुटली की इनामच कोरडे पडे.

बांधणारे हात प्रामुख्याने कोहळी समाजाचे. त्यांना गोंड राजाने काशीकडून आणविले अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तलाव बांधणारा आणि ऊस-धान पिकविणारा समाज ही त्यांची ओळख आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी नोंद आहे. सभोवतालच्या डोंगरशिखरांना लोक सातबहिणी म्हणतात आणि बांध टिकला तो त्यांच्या कृपेने असे मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी हेरून तेवढ्याच बुजवावयाच्या, म्हणजे थोड्या मातीत मोठे पाणी अडते, ही दृष्टी ज्याची होती त्याने कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते.

या तलावांचे खरे रहस्य एकेका तलावात नसून त्यांच्या ओळीत आहे. वरच्या तलावाचा सांडवा भरला की पाणी खालच्या तलावात, तेथून त्याच्या खालच्या बोडीत, बोडीतून बांध्यांत, आणि उरलेले नाल्याने वैनगंगेकडे. झाडीपट्टीत पाऊस पुष्कळ पडतो. पण धानाला पाणी केवळ पुष्कळ असून चालत नाही, ते वेळेवर लागते. रोवणी होऊन गेल्यावर भाद्रपद-आश्विनात पावसाने पंधरा दिवस दडी मारली की लोंब्या पोचट राहतात. त्या पंधरा दिवसांचे पाणी म्हणजे तलाव. बाकी सारे वर्ष तो इतर कामे करतो. ढिवरांना मासळी देतो, शिंगाडा देतो, गुरांना पाणी देतो, विहिरींची पातळी धरून ठेवतो, आणि उन्हाळ्यात आटू लागला की गाळ देतो, जो शेतात पडला की खताची पिशवी वाचते. महाराष्ट्रात सारस पक्षी आता जवळजवळ केवळ याच भागात, गोंदियाच्या धानशेतीत आणि तलावांच्या काठी, उरला आहे. त्याला कोणी राखीव जंगल दिलेले नव्हते. गोंड राजांच्या आणि कोहळ्यांच्या पाटबंधाऱ्यांनी त्याला घर दिले.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही राजस्तुतीच्या भाटगिरीत सामील होऊ. हे राज्य गोंडांचे होते, पण ते सामान्य गोंडाचे होते काय? बख्तबुलंद शहाने आपल्या मुलखात दूरदूरच्या कसबी शेतकऱ्यांना आणि कारागिरांना बोलावून वसविले. पोवार, लोधी, कुणबी, कोहळी आले. त्यांनी मेहनत केली आणि सखल, काळी, ओलिताची जमीन लागवडीला आणली. महसूल वाढला. ज्याच्या जातीचा राजा होता तो गोंड मात्र हळूहळू जंगलाच्या कडेला सरकला, बरड आणि उताराच्या जमिनीवर राहिला. तलावाचे पाणी खाली वाहते; तो वर राहिला. पाळीवर माती वाहणाऱ्यांत वेठीचे किती आणि मोबदल्याचे किती याचा हिशेब कोणत्याही सनदेत सापडत नाही. तेव्हा सुवर्णयुगाच्या गोष्टी कोणी सांगू लागला की, ते सोने कोणाच्या अंगावर होते, हे विचारण्याची आपली सवय येथेही सोडता कामा नये.

तरीही त्या राजवटीत एक गोष्ट होती, जी पुढे हिरावली गेली. जमिनीवर राजाचा हक्क होता, गावाच्या पाटलाचा होता, आणि प्रजेचाही होता. जळणाचे लाकूड, घराचे वासे, चराई, मोहफूल, पाणी, मासळी हे सारे गावकरी घेत. कोणा एकाची अशी निखळ मालकी कशावरच नव्हती. भोसल्यांच्या काळात वसुलीचे मक्ते वाढले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी महसूल गोळा करणाऱ्या पाटील-मक्तेदारांनाच गावाचे मालक केले. हाच मालगुजार. वसुली करणारा रातोरात धनी झाला, आणि गावकऱ्याचा हक्क 'निस्तार' या नावाखाली मालकाच्या मर्जीला लागून राहिला. १९५० च्या कायद्याने, १९५१ मध्ये, मालगुजारी नष्ट झाली. आपण त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु त्या वेळी मालगुजाराची जागा गावाने घेतली नाही, शासनाने घेतली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, जंगल वनखात्याकडे. पाळीची डागडुजी करण्याची मालगुजाराची जबाबदारी संपली आणि गावाची सुरू झाली नाही. तलावांत गाळ साठला, बेशरम माजली, पोटात अतिक्रमणे झाली. २०१७ पासून गाळ काढण्याच्या शासकीय योजनाही आल्या. पण यंत्राने गाळ काढणे ही एक गोष्ट आणि तलावाला धनी देणे ही दुसरी.

येथे मी वाचकांना थोडे दूर, पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर नेऊ इच्छितो. तेथेही एक आदिम प्रजा होती, तिचे राजे होते, आणि तेथेही एका शतकात राज्य, जमीन व भाषा तिन्ही गेली. ही बेटे 'अहुपुआआ' नावाच्या पट्ट्यांत विभागलेली असत. पट्टा डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जाई. वर जंगल, मध्ये पाटाच्या पाण्यावरची कंदांची शेती, खाली किनाऱ्यावर दगडी भिंती घालून केलेली मासळीची तळी. आपल्या तलावांच्या ओळीची आठवण व्हावी अशीच ही रचना. १८४८ साली तेथे जमिनीची वाटणी झाली. राजाची, सरदारांची आणि सरकारची जमीन वेगळी काढली गेली, आणि सामान्य रयतेच्या वाट्याला पुढील काही वर्षांत एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन आली. राज्य तेथे अजून स्वतंत्र होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. राजा गादीवर असतानाच प्रजेची जमीन गेली. मग साखरेच्या मळेवाल्यांनी ती घेतली, आणि १८९३ च्या जानेवारीत त्याच धनिकवर्गाने अमेरिकी नौसैनिकांच्या आधाराने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली.

आज हवाईत पहिल्या कामेहामेहा राजाच्या नावाने ११ जूनला सार्वजनिक सुटी असते, होनोलुलूचा राजवाडा संग्रहालय आहे, त्याच्यासमोर राजाचा पुतळा आहे, त्याला फुलांचे लांबलचक हार घालतात. पर्यटक छायाचित्रे काढतात. १९९३ साली अमेरिकी संसदेने शंभर वर्षांपूर्वीच्या कृत्याबद्दल ठरावाने क्षमा मागितली. सुमारे १८ लाख एकर जमीन मोबदल्यावाचून गेली हेही त्या ठरावात मान्य केले. जमीन मात्र त्या ठरावाने एक एकरही परत दिली नाही. येथवरचे सारे आपल्या परिचयाचे आहे. वेगळे आहे ते पुढचे. १८५० च्या एका कायद्यात, पट्ट्यावर राहणाऱ्या रयतेला जळण, घराचे लाकूड, छपराचे गवत आणि वाहते पाणी घेता येईल, असे एक कलम राहून गेले होते. त्या कलमाला लोकांनी सोडले नाही. १९७८ साली त्या राज्याच्या घटनेत दुरुस्त्या झाल्या तेव्हा अहुपुआआच्या मूळ रहिवाशांचे रूढीने चालत आलेले हक्क घटनेत नोंदविले गेले, आणि त्याच वेळी हवाईयन भाषा राज्याची अधिकृत भाषा झाली. न्यायालयांत त्या हक्कांच्या आधाराने भांडता येते आणि लोक भांडतात. राणीने आणि एका राजकन्येने आपल्या खासगी जमिनी मृत्युपत्राने व न्यासाने मुलांसाठी ठेवल्या. त्यांतून आजही शाळा चालतात आणि अनाथांचे संगोपन होते. राजघराण्याचा वारसा बेटांच्या जीवनात टिकला तो पुतळ्याच्या हारांपेक्षा या कलमांत आणि या शाळांत अधिक टिकला, असे माझे मत आहे.

आता आपल्याकडे वळून पाहा. गेल्या काही वर्षांत गोंड राजांची आठवण राज्यकर्त्यांना वरचेवर होऊ लागली आहे. २०२१ मध्ये भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला राणी कमलापतीचे नाव मिळाले. राणी दुर्गावतीच्या नावे जबलपूरचे विद्यापीठ फार पूर्वीपासून आहे, आणि तिच्या जन्माची पाचशे वर्षे थाटाने साजरी झाली. १८५७ मध्ये तोफेच्या तोंडी दिलेल्या शंकरशहा-रघुनाथशहांचे, आणि १८५८ च्या ऑक्टोबरात चांद्याला फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाक्यांचे स्मरणही होते. या स्मरणाला माझा विरोध नाही. ज्या समाजाला पाठ्यपुस्तकाने जंगलातील एक चित्र एवढेच स्थान दिले, त्याला आपली राणी अकबराच्या सेनेशी लढली हे चौकाचौकांत दिसावे, याचे मोल मी कमी मानीत नाही. परंतु त्या राणीची भाषा? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गोंडीला अजून स्थान नाही. तिच्याहून कितीतरी कमी बोलणारे असलेल्या भाषांना ते मिळाले आहे. स्थानकाच्या फलकावर राणीचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहिले की काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांना एकदा माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडला पाठवावे. डोंगरातील प्रचंड गुहेपर्यंत अनेक राज्यांतून लोक येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांची नावे घेतात, आणि आपले गोत्र व देवसंख्या सांगून एकमेकांची ओळख पटवितात. तेथे कोणताही राजा गादीवर नाही, तरी एक राष्ट्र जमलेले असते.

पुतळा आणि तलाव यांत फरक असा की, पुतळा देताना कोणाचे काही जात नाही. तलाव दिला तर ठेका जातो. म्हणूनच पुतळे होतात.

आणि येथे कायदा आपल्या बाजूचा आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मधील (ख) खंड वाचा. निस्तार वा तत्सम नावाने ओळखले जाणारे सामूहिक हक्क, त्यात पूर्वीची संस्थाने आणि जमीनदारीसारख्या व्यवस्थांच्या काळातील हक्कही, कायदा मान्य करतो. पुढचा (घ) खंड जलाशयांतील मासळी व इतर उत्पन्नाचा आणि चराईचा हक्क सांगतो. त्यापुढे, सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. राजाच्या काळात रूढी होती, मालगुजाराच्या काळात मर्जी होती. २००६ साली भारताच्या संसदेने तिला हक्क म्हटले. जंगलाने वेढलेल्या, वनजमिनीत मोडणाऱ्या तलावांसाठी हा गोंड राजवटीचा खरा वारसा होय. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ मध्ये आपला सामूहिक हक्क मिळविला. २०१३ मध्ये गोंदिया-गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी तेंदूपाने स्वतः विकून दाखविली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवरांच्या सहकारी संस्थांनी आणि त्यांच्यातील स्त्रियांनी तलावांतील बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासळी परत आणली. हे कोणा राजाने सांगितले नव्हते.

नागझिऱ्यापुरता प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. वाघाला निवांत जंगल लागते, माणसांची वर्दळ त्याला मानवत नाही, असे वन्यजीव-अभ्यासक म्हणतात. ते खोटे नाही. नागझिऱ्याचे जंगल नवेगावला आणि पुढे इतर जंगलांना जोडणारा पट्टा तुटला तर येथील वाघ कोंडला जाईल, हेही खरे. परंतु हा पट्टा कोण तोडतो? मुंबई-कोलकाता महामार्ग आणि लोहमार्ग तोडतात, शेळ्या घेऊन जाणारी पिटेझरीची बाई नव्हे. ज्याला रात्री शंभर गाड्यांचा आवाज चालतो त्याला मोहफूल वेचणाऱ्यांची पावले चालत नाहीत, हे तर्कशास्त्र मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. गाभ्यातील गाव उठवावयाचे असेल तर हक्क आधी मान्य झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्वक संमती पाहिजे, असे तोच कायदा कलम ४ मध्ये सांगतो. हक्क मान्य करण्यापूर्वीच मोबदल्याची रक्कम पुढे करून 'गाव स्वेच्छेने गेले' असे लिहिणे, ही १८६० च्या दशकातील जमाबंदीचीच पुनरावृत्ती होय. आणि जी गावे कडेला आहेत, ज्यांच्या वाट्याला पर्यटकांच्या गाड्यांची धूळ आणि रानडुकरांनी खाल्लेले धान येते, त्यांच्या तलावांचे आणि जंगलांचे व्यवस्थापन त्यांच्या ग्रामसभेकडे देण्यात वाघाचे कोणते नुकसान आहे? उलट तलावात मार्चनंतर पाणी टिकले तर जंगलातील जनावर गावात येणार नाही.

आपल्या तालुका शाखांसाठी काम असे आहे. मालगुजारी संपल्यावर गावोगावचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तयार झाले. कोणत्या तलावात कोणाला मासळी, कोणत्या जंगलात कोणाला जळण, कोणत्या पाटाचे पाणी कोणत्या शेतांना, याच्या नोंदी त्यांत आहेत. वनहक्काच्या दाव्याला याहून बळकट पुरावा नाही. या नोंदी तहसील आणि जिल्हा अभिलेख कक्षांत पडलेल्या आहेत; कागद जुना आहे, शाई विटली आहे, मोडी आणि हिंदी वाचणारे थोडे उरले आहेत. नकलेसाठी अर्ज कोणालाही करता येतो, आणि नाही म्हटले तर माहितीचा अधिकार आहे. सडक अर्जुनी, गोरेगाव, तिरोडा आणि साकोली या चार तालुक्यांतील, जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक गावाची नक्कल मृग लागण्यापूर्वी काढून ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. वाचताना गावातील म्हाताऱ्या ढिवरांना आणि गोंडांना पुढे बसवावे, कारण कागदावरचे नाव आज कोणत्या बोडीचे आहे, हे तेच सांगू शकतील.